ई-२० पेट्रोल आणि कार्बोरेटरची जुनी बाईक: स्क्रू आवळण्याआधी टॅपेट बघा

तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की बोईसरच्या रस्त्यावर नव्या गाड्यांबरोबर दहा-पंधरा वर्षं जुन्या १०० सीसीच्या बाईक्सही भरपूर दिसतात. पालघर, सफाळे, मनोर, डहाणूकडच्या गावांतून रोज कामावर यायचं, त्यात रात्रपाळी, म्हणजे लोकल किंवा एसटीच्या भरवशावर राहता येत नाही. गाडी बंद पडली तर खाडा. म्हणून ई-२० चा विषय इथे गॅरेजवर, टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळीकडे सुरू आहे.

२० टक्के इथेनॉल मिसळलेलं हे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं. आधी २०३० चं असलेलं उद्दिष्ट सरकारने अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये ते गाठलंही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्या, ही मागणी करणारी याचिका सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. त्यामुळे ‘हवं की नको’ यावर वाद घालून आपल्या गाडीचं काही भलं होणार नाही. आता जे टाकीत आहे त्यावर गाडी नीट कशी चालवायची, एवढंच आपल्या हातात आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्या दुचाकींवर फ्युएल इंजेक्शन बसलं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर धूर तपासतो आणि ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. कार्बोरेटरला असलं डोकं नाही. त्यात ठरावीक मापाची भोकं असतात, ज्यांना आपण जेट म्हणतो. १ किलो शुद्ध पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो आणि ई-२० ला साधारण १३.५ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन हवं, पण भोक तर तेवढंच. मिश्रण आपोआप पातळ होतं. सकाळी चोक जास्त वेळ लागणं, पिकअपला गचके, ग्रिप सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट ही त्याची लक्षणं.

आता खरा घोळ. आपल्याकडे गॅरेजवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘अ‍ॅव्हरेज काढून दे’. मेकॅनिक स्क्रू फिरवून मिश्रण आणखी पातळ करतो. जुन्या पेट्रोलवर हे एकवेळ खपून जायचं. ई-२० वर आधीच पातळ असलेलं मिश्रण अजून पातळ केलं तर इंजिन तापतं आणि त्याची सगळ्यात मोठी झळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हला बसते. शिवाय तो स्क्रू फक्त आयडलिंग आणि थोड्या ग्रिपपुरताच काम करतो. ५० च्या स्पीडला पेट्रोल सुई आणि मेन जेटमधून जातं, तिथे या स्क्रूचा फारसा संबंधच नाही.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा जुन्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के घटेल, असं म्हटलं होतं. ६० देणाऱ्या गाडीला हे २ किलोमीटरच्या आसपास. तुमची गाडी एकदम १०-१२ ने उतरली असेल, तर सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका. माझ्या मते आधी टॅपेट बघावेत.

व्हॉल्व्ह आणि रॉकरच्या मध्ये केसाएवढी फट लागते. ती वाढली की ‘टक टक’ आवाज येतो, म्हणून कळते तरी. कमी झाली तर गाडी उलट शांत वाटते! पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि सीटवर न टेकल्यामुळे व्हॉल्व्हची उष्णता हेडमध्ये जात नाही, तो जळतो. अशा गाडीचा कार्बोरेटर कितीही सेट करा, आयडलिंग स्थिर राहणार नाही. म्हणून आधी टॅपेट, मग प्लग आणि एअर फिल्टर, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

स्क्रू स्वतः फिरवणार असाल तर इंजिन गरम करून घ्या. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत आवळला की मिश्रण जाड होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो इंधनाचा, तिथे बाहेर सोडला की जाड. यूट्यूबवर बघून उलटा फिरवणारे खूप आहेत. पाव-पाव फेरा फिरवत आरपीएम सर्वात जास्त होतं ती जागा शोधा, मग आयडल स्क्रूने वेग खाली आणा. टॅकोमीटर नाही? मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि एडिटिंग अ‍ॅपमध्ये १ सेकंदाचे ठोके मोजा. सिंगल सिलेंडर फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठोका पडतो, म्हणजे १४०० आरपीएमला सेकंदाला साधारण १२.

आणि हो, इथेनॉल पाणी ओढून घेतं. आपल्या किनारपट्टीच्या पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल काढूनच किक मारा, अर्थात आग-ठिणगीपासून लांब.

टॅपेट मात्र थंड इंजिनवरच सेट होतात, फिलर गेज लावून, मॅन्युअलमधल्या मापाने. शिफ्टवरून थेट गॅरेजला नेलेली गाडी तापलेली असते आणि घाईच्या वेळी तशीच उघडली जाते. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री गाडी गॅरेजलाच ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी काम करायला सांगा.