चमचाभर तेल कुठं खर्च करायचं?

कमी तेलाच्या पाककृतींचं पुस्तक हाती आलं की मी आधी साहित्याची यादी वाचतो, फोटो नंतर. तेल कमी केलंय ते ठीक, पण त्याच्या जागी काय घातलंय? पदार्थ किती जणांसाठी आहे? तेलाचं माप चमच्यांत दिलंय की ‘आवश्यकतेनुसार’ म्हणून वाचणाऱ्यावर सोडलंय? एवढं पाहिलं की पुस्तक ओट्याजवळ ठेवायचं की परत कपाटात, ते ठरतं.

वडिलांच्या अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी तेल-तूप आवरायला सांगितलं. आईचा आयुष्यभराचा हात एका दिवसात बदलणार नव्हता आणि तिनं तो बदलावा अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नव्हतं. म्हणून रात्रीचा स्वयंपाक मी माझ्याकडे घेतला आणि मराठी, इंग्रजी मिळतील ती पुस्तकं उघडून बसलो. तेव्हापासून आमच्या घरी या पुस्तकांतलं बरंच काही शिजलं. काही कायमचं राहिलं, काही पुन्हा कुणी मागितलं नाही.

आधी हिशेब मांडतो, कारण तो मांडल्याशिवाय ‘आम्ही तेल कमीच वापरतो’ या वाक्याला काही अर्थ नाही. एक ग्रॅम तेलातून किंवा तुपातून ९ कॅलरी मिळतात. पीठ, साखर, प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून ४. चहाच्या लहान चमच्यात ५ मिलिलिटर तेल मावतं, म्हणजे सुमारे ४० कॅलरी. १५ मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास. पण आपण चमच्यानं कुठं ओततो? आपण पळीनं किंवा थेट तेलाच्या भांड्यातून ओततो. आमच्या घरची पळी मोजून पाहिली तर तिच्यात असे तीन मोठे चमचे तेल मावलं. म्हणजे एका भाजीच्या फोडणीतच पावणेचारशेच्या घरात कॅलरी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१० साली जी प्रमाणं ठरवून दिली, त्यांत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. दोन पुरुष आणि दोन स्त्रियांचं घर असेल तर दिवसाचे ९० ग्रॅम, महिन्याचे २७०० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन लिटर. यात पोळीवरचं तूप आलं, ब्रेडवरचं लोणी आलं आणि बाहेर खाल्लेला वडापावही आला. महिन्याच्या यादीत पाच लिटरचा डबा लिहिणाऱ्या चौघांच्या घरानं हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा. फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं, ते योग्यच आहे. पण दहा टक्के कशाचे, हे कळायला डब्यावर तारीख लिहावी लागते. तो कधी फोडला आणि कधी संपला, एवढं लिहिलं तरी पुरतं.

आता पुस्तकांकडे. बऱ्याच पुस्तकांची आवडती सूचना म्हणजे कांदा तेलाऐवजी पाण्यात परतणं. करून पाहा. कढईत दोन चमचे पाणी, वर बारीक चिरलेला कांदा. दोन मिनिटांत कांद्याचंच पाणी सुटतं, वाफ निघू लागते, कांदा पारदर्शक होतो, मऊ पडतो आणि तिथंच थांबतो. कितीही हलवा, तांबूस होत नाही. कारण साधं आहे: कढईत पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या वर चढत नाही, आणि कांद्याला रंग व खमंगपणा यायला साधारण १४० अंश लागतात. पाणी आटलं की तो थेट बुडाला लागतो, मग आणखी पाणी घालायचं. अशा कांद्यावर टोमॅटो आणि मसाला घातला की दिसायला रस्सा होतो, पण उकडलेल्या कांद्याचा उग्र-गोडसर वास शेवटच्या घासापर्यंत सोबत करतो. बाबा बिचारे काही न बोलता जेवले. आई मात्र म्हणाली, “अरे, हा रस्सा आजाऱ्याचा झालाय. माणूस घरी आलाय ना आता?”

तिचं बरोबर होतं. याचं उत्तर त्या पुस्तकात नव्हतं, आपल्याच घाटावरच्या वाटणात होतं. अख्खा कांदा सालासकट गॅसवर जाळीत ठेवायचा आणि बाहेरून काळा होईपर्यंत फिरवत राहायचा. निवला की साल काढायची. आतला कांदा मऊ, तपकिरी कडांचा आणि धुरकट वासाचा झालेला असतो. तो आलं, लसूण, कोथिंबीर आणि कोरड्या तव्यावर भाजलेल्या धने-जिऱ्याबरोबर वाटायचा. इथं आच थेट कांद्याला मिळते, मध्ये ना पाणी ना तेल, म्हणून तो खमंग होतो. खानदेशात भरिताचं वांगं काड्यांवर भाजतात त्यामागचं शहाणपणही हेच. चुलीजवळ राहिलेल्या बायकांना तेल महाग होतं म्हणून आगीकडून जास्तीत जास्त काम करून घ्यायचं हे ठाऊक होतं. आजच्या पुस्तकांनी त्यांच्याकडून घ्यायचं ते हेच.

दुसरी गोष्ट फोडणीची. इथं मी बिनतेलाच्या स्वयंपाकाशी ठामपणे असहमत आहे. मसाल्यांचा वास, मिरचीचा जाळ, हळदीचा रंग हे पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. जिरं कोरडं भाजून, भरडून घातलं तर छानच लागतं. मोहरी मात्र कोरड्या कढईत उडून ओटाभर होते, आणि हळद-हिंग कोरडे तापवले की करपतात. हिंग नुसता आमटीत टाकला तर कच्चा लागतो. शिवाय गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांच्यातलं जे केरोटीन आपल्या शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते पचनातून आत जायला थोडा स्निग्धांश लागतोच. भाजीतून तेल पूर्ण काढलं तर भाजी खाण्याच्या एका कारणावरच आपण पाणी सोडतो.

तेव्हा तेल काढायचं नाही, त्याची जागा बदलायची. आपण आधी कढईत तेल तापवतो, फोडणी करतो आणि त्यावर भाजी घालतो. रुंद कढईत चमचाभर तेल पसरून दिसेनासं होतं, मोहरी त्यात बुडत नाही, म्हणून आपण आणखी ओततो. त्याऐवजी भाजी किंवा आमटी आधी बिनतेलाची शिजवून घ्यायची आणि फोडणी शेवटी, लहान लोखंडी पळीत करायची. पळीच्या खोलगट बुडाशी दोन लहान चमचे तेल एकत्र राहतं, मोहरी त्यात बुडते आणि नीट तडतडते. मग जिरं, हिंग, गॅस बंद करून हळद-तिखट, आणि चर्रर्र करून भांड्यात. लगेच झाकण. पाच मिनिटांनी झाकण काढलं की वास आधी, चव नंतर. हे तेल वरच असतं, म्हणून नाकाला आणि जिभेला पहिलं तेच भेटतं. पाऊण वाटी तेल भाजीत मुरवून जे मिळत नाही ते इथं दोन चमच्यांत मिळतं. चौघांमध्ये ९ ग्रॅम, म्हणजे माणशी सव्वादोन. आईनं हे एकदा पाहिलं आणि आता तीच दिवसाची आमटी अशी करते.

तळणीच्या पदार्थांबाबत पुस्तकं सरसकट एकच तोडगा सुचवतात: ओव्हनमध्ये भाजा. तो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी मुळीच नाही. साबुदाणा वडा अप्पेपात्रात सुरेख होतो. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल, मंद आच, झाकण, मग उलटणं. बाहेरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत. कोथिंबीर वडी उकडूनच खावी आणि हवी तर तव्यावर तेलाचं बोट फिरवून परतावी. भाजक्या पोह्यांचा चिवडा तळलेल्यापेक्षा मला जास्त आवडतो. पण करंजी भाजायला घेऊ नका. तिच्या पारीत कडकडीत मोहन घालतात ते पिठाचा चिवटपणा मोडण्यासाठी. आणि गरम तुपात पडल्यावर पारीतलं पाणी झपाट्यानं वाफ होऊन निघून जातं, म्हणून ती फुलते आणि खुसखुशीत होते. मोहन अर्धं करून ओव्हनमध्ये ठेवलेली करंजी वातड होते आणि दुसऱ्या दिवशी दातांना झुंजवते. दिवाळीची करंजी नीट तळावी आणि एक किंवा दोन खाव्यात. सणाचा पदार्थ सणालाच आणि मोजका खाल्ला तर त्यानं काही बिघडत नाही; बिघडतं ते रोजच्या पळीनं.

याहून मोठी काळजीची बाब साहित्याच्या यादीत असते. तेल काढलं की पदार्थ कोरडा, बेचव होतो, मग तो सावरायला कॉर्नफ्लॉवर, मैदा, साखर, सॉस येतात. एका पुस्तकातल्या ‘हलक्या’ केकमध्ये लोणी गाळून साखर दीडपट केली होती. अमेरिकेनं हा प्रयोग देशभर करून पाहिला. १९८० साली तिथल्या सरकारनं पहिली आहारविषयक मार्गदर्शिका काढली, स्निग्धांश कमी करा हा संदेश घरोघरी गेला आणि नव्वदच्या दशकात बाजार ‘फॅट-फ्री’ बिस्किटांनी भरला. त्या बिस्किटांत साखर भरपूर होती. २००६ मध्ये तिथल्या सुमारे ४९,००० स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सरासरी आठ वर्षांच्या पाहणीत केवळ एकूण स्निग्धांश कमी केल्यानं हृदयविकार लक्षणीय कमी झालेला दिसला नाही. २०१५ च्या मार्गदर्शिकेत एकूण स्निग्धांशावरची वरची मर्यादाच वगळली गेली आणि भर संपृक्त मेदावर, साखरेवर गेला. याचा अर्थ पळीभर तेल ओतायला मोकळीक असा मुळीच नाही. अर्थ इतकाच की तेलाची जागा भाजीनं, डाळीनं, ताकानं घेतली तर फायदा आहे. साखरेनं आणि मैद्यानं घेतली तर नाही.

आणि मराठी घरांनी स्वतःकडेही पाहावं. पुस्तकातल्या कृतीत तेल एक चमचा, पण खाली ‘अर्धी वाटी दाण्याचं कूट’ असेल तर? शेंगदाण्यात वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त तेल असतं, सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त. दाणे पौष्टिक आहेत, ते खावेतच. शेंगदाण्याची मूठ चिवड्यापेक्षा केव्हाही बरी. पण कोशिंबिरीत, भाजीत, चटणीत आणि उपासाच्या खिचडीत एकाच दिवशी कूट पडत असेल तर तो हिशेब तेलाच्या डब्यावर दिसत नाही. मी आता कूट चमच्यानं मोजतो. कोशिंबिरीला चौघांत दोन चमचे पुरतात, फक्त दाणे ताजे आणि नीट खमंग भाजलेले हवेत.

खरं तर कमी तेलाचं मोठं पुस्तक आपल्याकडे आधीच आहे, फक्त त्यावर तसं नाव नाही. भाकरीला तेल लागत नाही. ज्वारीची उकड, आंबोळी, मुगाचं कढण, शेंगोळे, मेतकूट-भात, दह्यातलं भरीत, डांगर, ताकातल्या पालेभाज्या: हे मुळातच कमी तेलाचे पदार्थ आहेत, कुणी त्यांच्यातून काही काढून टाकलेलं नाही. घुसळून लोणी काढलेलं ताक हा तर आपला सर्वांत जुना लो-फॅट पदार्थ. कमलाबाई ओगलेंची ‘रुचिरा’ १९७० साली आली. तिच्यात वाटी-चमच्याची मापं आहेत, म्हणूनच तिच्यावरून शिकलेल्या पिढ्यांचा अंदाज चुकत नाही. नव्या पुस्तकांनी एवढं तरी पाळावं: तेलाचं माप चमच्यांत द्यावं, किती जणांसाठी ते सांगावं आणि कूट-खोबरं धरून माणशी किती ग्रॅम स्निग्धांश पडतो ते कृतीच्या खाली छापावं.

चाकवताचे दिवस आहेत, म्हणून आमच्याकडे आता ठरून गेलेली भाजी देतो, चौघांसाठी. चाकवताची एक मोठी जुडी निवडून, धुऊन, बारीक चिरून घ्या. भिजवलेली हरभऱ्याची डाळ दोन मोठे चमचे आणि भिजवलेले दाणे एक मोठा चमचा घेऊन, भाजीबरोबरच कुकरमध्ये पण वेगळ्या भांड्यात शिजवा. भाजी रवीनं घोटून त्यात दोन मोठे चमचे बेसन लावा, मग दोन वाट्या आंबट नसलेलं ताक थोडं थोडं घालत ढवळा, गुठळी राहू देऊ नका. डाळ-दाणे, मीठ, एक हिरवी मिरची आणि चवीपुरता गूळ घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळत उकळी येऊ द्या. ढवळणं थांबलं तर ताक फाटतं. शेवटी लोखंडी पळीत दोन लहान चमचे तेल, मोहरी, हिंग, ठेचलेल्या लसणाच्या सात-आठ पाकळ्या चांगल्या लाल होईस्तोवर, दोन सुक्या मिरच्या, हळद. फोडणी वरून ओतून झाकण ठेवा आणि भाकरी तव्यावर टाकल्यावरच ते काढा.