गोफण, मांजा आणि सत्तर मीटरची पट्टी

परवा शनिवारी रात्री साडेअकराला एका मित्राचा फोन. ‘यार, नऊ माणसांच्या कंपनीत कुणी जातं का?’ मागून त्याच्या आईचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, ‘त्याला विचारू नकोस, तो काहीही सांगतो!’ काकूंचं माझ्याबद्दलचं हे मत जुनं आहे आणि बऱ्यापैकी खरंही आहे.

पठ्ठ्याची केस अशी. आठ वर्षं एका बड्या आयटी कंपनीत. बस, कॅन्टीन, मेडिक्लेम, होमलोन, सगळं सेट. आता एका छोट्याशा डिझाइन फर्मची ऑफर आलीय. पगार जवळपास तेवढाच, काम भन्नाट, पण दोन वर्षांनी कंपनी असेल की नाही हे मालकालाही ठाऊक नाही. मी सल्ला दिला नाही. (लग्न आणि नोकरी या दोन विषयांत मी सल्ला देणं सोडलंय. दोन्हीकडे नंतर बोलणी आपणच खातो.) त्याऐवजी त्याला एका कंपनीची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला.

कंपनीचं नाव टेदर्स अनलिमिटेड. टेदर म्हणजे दावं, गुरांना बांधतात ते. १९९४ साली अमेरिकेत दोन रॉबर्टनी ती काढली. पुढे तिचं बस्तान बसलं सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला, म्हणजे साक्षात बोइंगच्या अंगणात. एक रॉबर्ट फॉरवर्ड, साठी ओलांडलेला पदार्थवैज्ञानिक. गुरुत्वीय लहरी पकडायच्या सुरुवातीच्या यंत्रावर यानं जोसेफ वेबरच्या हाताखाली पीएचडी केलेली, त्यानंतर ह्यूजच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं काढलेली, आणि फावल्या वेळात न्यूट्रॉन ताऱ्यावरच्या जीवसृष्टीची कादंबरी लिहिलेली. अंगात कायम रंगीबेरंगी जाकिटं. दुसरा रॉबर्ट हॉइट, वॉशिंग्टन विद्यापीठातून आलेला तरुण गडी. एकाचं डोकं ढगांच्या वर, आणि दुसऱ्याला पगाराची तारीख सांभाळायची.

यांचा फंडा काय? गोफण! ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलताना फिरवतात, तीच. पृथ्वीभोवती शेकडो किलोमीटर लांबीची दोरी फिरती ठेवायची. ती कोलांट्या खात पुढे जात असते, त्यामुळे तिचं खालचं टोक मधल्या भागाच्या मानानं मागे सरकत असतं. म्हणजे जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग कमी. तेवढ्यात खालून आलेलं सामान त्या टोकानं उचलायचं, अर्धा फेरा मारायचा आणि वरच्या टोकाकडून भिरकावून द्यायचं. रॉकेटला जो वेग मिळवायला टनावारी इंधन जाळावं लागतं, त्यातला मोठा हिस्सा गोफणीतून मिळतो.

फुकट मात्र काही नाही. सामानाला वेग दिला की दोरीचा वेग घटतो, ती खाली येते. त्यावरची युक्ती मला सगळ्यात आवडली. दोरीत विजेची तार घालायची आणि सौरऊर्जेवर तिच्यातून प्रवाह सोडायचा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मग त्या तारेला ढकलतं आणि दोरी परत वर चढते. इंधनाचा थेंब नाही. २००० च्या सुमारास बोइंगबरोबर त्यांनी याचा अभ्यासही केला. ध्वनीच्या दहापट वेगाचं विमान शंभर किलोमीटर उंचीवर सामान नेणार आणि वरून येणारं ६०० किलोमीटरच्या दोरीचं टोक ते अलगद उचलणार. कागदावर गणित बसत होतं. बॉस, नुसतं गणित बसतंय म्हणून सकाळी उठून ऑफिसला जाणारी माणसं असतात!

आता काकूंचा प्रश्न : पैसे कोण देतं? अमेरिकेत सरकारी खात्यांना संशोधनाच्या बजेटमधला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढावाच लागतो. पहिली पायरी साधारण सहा महिन्यांची, कल्पना चालेल का एवढंच दाखवायचं. जमलं तर दुसरी, दोनेक वर्षांची, तिच्यात वस्तू करून दाखवायची. शिवाय अचाट कल्पनांना चार पैसे देणारी नासाची एक वेगळी खिडकी आहे, निआक नावाची. चंद्र आणि मंगळाकडे सामान फेकणाऱ्या गोफणींचा अभ्यास त्यांनी तिच्याच पैशावर केला. थोडक्यात, वर्षभर प्रपोझल लिहायची, त्यातली बरीच नापास होणार हे धरून चालायचं, आणि पास झालेल्यांवर पोट भरायचं. आपलं अ‍ॅप्रायझल वर्षातून एकदा, यांचं दर सहा महिन्यांनी.

पण खरी गोची दोरीतच होती. अवकाशात दोरी तुटते. मार्च १९९४ मध्ये नासानं २० किलोमीटरची, जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीची दोरी सोडली. पावणेचार दिवसांत कुठल्याशा कणानं ती कापली. तिथे वाळूच्या दाण्याएवढा कणही सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं येतो, आपल्या मांज्याला काच लागते तसाच प्रकार. फेब्रुवारी १९९६ मध्ये कोलंबिया यानातून इटलीचा एक उपग्रह तारेला बांधून सोडला. साडेएकोणीस किलोमीटरच्या पुढे ढील दिली, तारेत साडेतीन हजार व्होल्ट तयार झाले आणि आवरणातल्या बारीकशा दोषातून ठिणगी पडून तार जळाली. पतंग गुल!

हॉइटचं उत्तर साधं होतं. दोरी नकोच, जाळं विणा. उभे धागे ताणलेले, त्यांना जोडणारे आडवे-तिरके धागे सैल. एक उभा धागा तुटला की आसपासचे सैल धागे ताणले जातात आणि भार वाटून घेतात. कोळ्याच्या जाळ्याचं एखादं घर फाटलं म्हणून सगळं जाळं काही सुटत नाही ना, तसंच. याला हॉइटेदर असं नाव पडलं.

ते तपासायची संधी यायला २००७ चा एप्रिल उजाडला. नेप्र रॉकेटवरून तीन चिमुकले उपग्रह वर गेले : टेड, राल्फ आणि गॅजेट. टेड आणि राल्फनं एकमेकांपासून दूर जात मधे एक किलोमीटरचं जाळं उलगडायचं आणि गॅजेटनं त्यावरून सरकत फोटो काढायचे. गॅजेटशी बोलणं झालं. टेडनं तोंडच उघडलं नाही. आणि एक किलोमीटरपैकी दोरी सुटली किती? सुमारे एक मीटर. ढकलणारी यंत्रणाच नीट चालली नव्हती. जाळं टिकतं की तुटतं, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. फॉरवर्ड तर हे बघायलाही नव्हता, तो २००२ मध्येच गेला.

फोनवर इथे मी थांबलो. पलीकडून मित्र म्हणाला, ‘मग बंद पडली ना?’

नाही पडली! तेरा वर्षांचं स्वप्न एका मीटरवर अडकल्यावर माणूस सोमवारी ऑफिसात काय करत असेल, याचा मी बराच विचार केलाय. ही मंडळी इतर कामं करत राहिली. पाण्याचं विघटन करून त्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनवर चालणारं चिमुकलं इंजिन केलं, ते २०२१ मध्ये नासाच्या छोट्या उपग्रहावरून गेलं. प्लॅस्टिकचा कचरा वितळवून त्याचेच नवे भाग छापणारं यंत्र २०१८ मध्ये अवकाश स्थानकावर पाठवलं. आणि गोफणीच्या शास्त्रातून एक अगदी छोटी वस्तू काढली, टर्मिनेटर टेप.

नाव सिनेमातलं, काम सफाई कामगाराचं. वहीएवढी डबी, वजन किलोच्या आत, आत सत्तर मीटरची वीजवाहक पट्टी. उपग्रहाचं आयुष्य संपलं की पट्टी बाहेर पडते. चुंबकीय क्षेत्रातून जाताना तिच्यात वीज तयार होते आणि ती वीज उपग्रहाला मागे ओढते. गोफणीला वर चढवायला जी युक्ती होती, तीच उलटी केलेली. जून २०१९ मध्ये प्रॉक्स-१ नावाचा, विद्यार्थ्यांनी केलेला उपग्रह ही डबी घेऊन वर गेला. सप्टेंबरमध्ये पट्टी उलगडली आणि तो आधीपेक्षा चोवीसपट वेगानं खाली सरकू लागला. मग नोव्हेंबर २०२० मध्ये दुसऱ्या एका कंपनीनं जुळे उपग्रह सोडले, एकाला पट्टी, एकाला नाही. पट्टीवाला साधारण आठ महिन्यांत जळून गेला. भाऊ तेव्हा अजून वरच घिरट्या घालत होता.

सहाशे किलोमीटरची गोफण मागितली आणि सत्तर मीटरची शेपटी मिळाली, असं कुणी म्हणेल. मला विचाराल तर ती शेपटी जास्त कामाची आहे. वर एवढा कचरा झालाय, की उद्या गोफण उभारली तरी तो आधी तीच कापेल. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीनं टेदर्स अनलिमिटेड विकत घेतली, म्हणजे सव्वीस वर्षं त्यांनी आपल्या जिवावर काढली. गोफण अजूनही कागदावरच आहे.

फोन ठेवताना मी मित्राला एवढंच म्हटलं, की त्या मालकाला विचार, मुख्य स्वप्न होईपर्यंत तुम्ही विकता काय?

काल रात्री त्याचा मेसेज आला. मालक म्हणे दहा सेकंद गप्प बसला, मग म्हणाला, ‘पंपाचे ब्रॅकेट. बोअर काम आहे, पण पगार त्यातूनच होतात.’ गडी सोमवारी राजीनामा देतोय. काकू माझा फोन उचलत नाहीयेत.