प्रत्येक खपली खरूज नसते
आमच्या मोतीच्या नाकावर, कानांवर खपल्या धरल्या. सगळे म्हणाले, खरूज आहे, हळद-तेल लावा. मीही महिनाभर लावत बसले. डॉक्टरांनी त्वचा खरवडून पाहिली, तर खरजेचे किडे नव्हतेच. बायोप्सीत निदान झालं: पेम्फिगस फोलिएशियस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेच्या पेशींना जोडणारे दुवे तोडते. तो कुणाला लागत नाही.

प्रेडनिसोलोनने खपल्या गळल्या, पण तहान-लघवी वाढली. घरचे म्हणाले, "आता गोळ्या बंद कर." मला वाटतं, जीवदयेचा कस इथेच लागतो. स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं; मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायची. मुक्या जिवासाठी नुसतं हळहळू नका, वेळेवर तपासणी करून घ्या.