आधी भाव पाडा, मग अनुदान वाटा

परवा नात्यातल्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "आम्ही टॅक्स भरायचा आणि सरकारनं तो शेतकऱ्यांना वाटायचा!" खाली लगेच आठ-दहा अंगठे. ही सगळी आमचीच माणसं. शिक्षणं झाली परभणीच्या कापसावर, आता राहायला पुण्या-मुंबईत. म्हणून हा लेखनप्रपंच.

तर वाटलं काय, ते बघू. 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसासाठी राज्य सरकारनं हेक्टरी 5000 रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरपर्यंतच. पैसे खात्यात पडायला लागले 2024 चा सप्टेंबर संपता संपता, विधानसभेच्या तोंडावर. माल मोंढ्यात जाऊन त्याचं तेलही निघालं होतं! शिवाय सातबारा ज्याचा, पैसे त्याचे. बटईनं राबणारा कोरडाच.

आता दुसरी बाजू. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. केंद्रानं त्याच महिन्यात 12 लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. डिसेंबरात वायदेबाजार बंद केला. 2024 च्या सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं खरं, पण 2025 च्या मे महिन्यात कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. त्याच ऑगस्टात कापसावरचं 11 टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ. इकडे आमच्या जिल्ह्यात कापूस वेचणीला यायचा होता!

मंडळी, याला काय म्हणायचं? उजव्या हातानं खिसा कापायचा आणि डाव्या हातानं त्यातलेच चार पैसे परत देऊन फोटो काढायचा.

"पण गरिबाला तेल स्वस्त नको का?" हवं ना! मग ते सरकारनं तिजोरीतून द्यावं. गरिबाच्या फोडणीचा खर्च जिंतूर-पालमच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं का भरायचा?

राहिला हमीभाव. 2024 च्या हंगामात सोयाबीनला 4892 रुपये होता. मोंढ्यात त्याहून सहज 700 रुपये कमी. एकरी 7 क्विंटल धरले तरी हेक्टरी 12 हजारांचा खड्डा. मग सरकारी केंद्रावर का नाही घालायचं? तिथे ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. नोव्हेंबरात तो 15 केला, पण तोवर दिवाळी आणि उधारीवाल्यांचे तगादे यांनी अनेकांचा माल विकायला लावला होता. पुढे बारदाना संपला. शांताकुमार समितीनं 2015 मध्येच सांगून ठेवलंय की हमीभावाचा लाभ देशातल्या जेमतेम 6 टक्के शेतकऱ्यांना मिळतो. उरलेल्या 94 जणांसाठी हमीभाव म्हणजे पेपरातली बातमी.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं अधिवेशन 1984 साली याच परभणीत भरलं होतं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्या चळवळीची घोषणा. चाळीस वर्षांत आपण काय केलं? दाम बुडवला, भिकेला 'भावांतर' असं छान नाव दिलं आणि वर शेतकऱ्यालाच फुकट्या ठरवलं.

अनुदान नका देऊ हो. फक्त माल बाजारात यायच्या वेळेला आयातीचं दार उघडू नका. आणि हमीभाव जाहीर केलाच, तर त्या भावानं पहिल्या दिवसापासून खरेदी करा. एवढं झालं तर हेक्टरी 5000 मागायला परभणीतून कुणी येणार नाही.