घरातल्या यंत्रांचे पत्ते

शिरूरचा पिनकोड ४१२२१० आणि दौंडचा ४१३८०१. जिल्हा एकच, पुणे. तरी पहिले तीन आकडे वेगळे, कारण टपालाचे विभाग वेगळे. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू आहे.

घरातल्या वायफायचेही असेच असते. राऊटर हा घरचा पोस्टमास्तर. फोन, टीव्ही, कॅमेरा, प्रत्येकाला तो पत्ता देतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५. घरगुती राऊटरमध्ये बहुधा पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, आणि शेवटचा म्हणजे घर नंबर. गल्ली कुठे संपते हे २५५.२५५.२५५.० हा आकडा सांगतो. त्याला सबनेट मास्क म्हणतात. अशा गल्लीत २५४ घरे बसतात. ० आणि २५५ हे नंबर राखीव. आपल्या संसाराला पुरून उरतात की!

मग घोटाळा कुठे होतो? समजा, दौंडला यजमान रेल्वेत रात्रपाळीला आहेत, घरी तुम्ही आणि मुले. दाराशी कॅमेरा. बसवणाऱ्याने त्याला ५ नंबर हाताने घातलेला, राऊटरला त्याची खबरच नाही. वीज गेली, राऊटर इन्व्हर्टरवर चालू, कॅमेरा बंद. नंबर रिकामा दिसला म्हणून राऊटरने तोच ५ पाहुण्यांच्या फोनला दिला. वीज आली आणि एका पत्त्याचे दोन धनी झाले! चित्र अडकते, कधी येतच नाही. आणि नेमकी तेव्हाच दाराची बेल वाजते.

उपाय सोपा आहे. राऊटरच्या खालच्या चिठ्ठीवर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये घाला. ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये कॅमेऱ्याच्या नावावर एक नंबर राखून ठेवा, आणि कॅमेऱ्यात पत्ता ‘आपोआप’ घेण्यावर ठेवा. मग तो नंबर राऊटर दुसऱ्या कुणाला देत नाही.

शिरूरकडे वरच्या खोल्या रांजणगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांना भाड्याने देतात. त्यांना वायफायचा पासवर्ड दिलात की ती तुमच्याच गल्लीत राहायला आली म्हणून समजा. मुले गुणी असतील हो, पण त्यांच्या फोनवरून तुमच्या कॅमेऱ्याच्या दारापर्यंत पोचता येते. कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीचा मूळचाच असेल, तर आतही! तो आधी बदला. भाडेकरूंना ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून द्या, पासवर्ड वेगळा ठेवा. ‘घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश’ अशी खूण तिथे असली, तर ती बंद ठेवा. त्यांना इंटरनेट मिळेल, तुमची यंत्रे दिसणार नाहीत.

आणि एवढे कराच: दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येक यंत्राचे नाव आणि नंबर लिहा. पासवर्ड मात्र वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. बसवणारा माणूस काम करून निघाला, की पैसे देण्याआधी हे सगळे त्याच्याकडून समजून घ्या. रात्री घरात तुम्हीच असता. किल्ली तुमच्याच हाती हवी, नाही का?