स्थळाधिष्ठित कथन : महाभुयाराच्या संहितेचा प्रश्न

कथनात्म साहित्याच्या अध्यापनात आपण आजही कथानकालाच मध्यवर्ती स्थान देतो. पात्रे, वातावरण, निवेदन यांचा विचार होतो, पण तो घटनांच्या क्रमाला धरून. लेखकाने काळजीपूर्वक रचलेल्या एखाद्या संहितेत हा क्रमच ठरलेला नसेल, तर तिला कथन म्हणावयाचे की नाही? भूमिका-खेळांसाठी लिहिल्या जाणाऱ्या 'मेगाडंजन' या संहिताप्रकाराने हा प्रश्न उपस्थित केला आहे. माझ्या मते ही संहिता कथनच होय. मात्र तिचे संघटनतत्त्व काळ नसून स्थळ आहे.

प्रथम या प्रकाराचा परिचय आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकन खेळरचनाकारांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही खेळाडू टेबलाभोवती बसून एकेका साहसवीराची भूमिका घेतात आणि एकजण सूत्रधार होतो. सूत्रधार परिस्थिती वर्णन करतो, खेळाडू आपापली कृती सांगतात आणि अनिश्चित कृतीचा निकाल फाशांवर लागतो. आर्नेसन यांचा ब्लॅकमूर आणि गायगॅक्स यांचा ग्रेहॉक या कल्पित किल्ल्यांखालची भुयारे ही या खेळाची आरंभीची रंगभूमी. चांगल्या भुयाराला किमान बारा मजले असावेत, अशी अपेक्षा १९७४ च्या नियमपुस्तिकेतच आढळते. वर्षानुवर्षे खेळूनही संपू नये अशा या विस्ताराला मेगाडंजन म्हणतात. येथे त्यासाठी 'महाभुयार' हा शब्द योजतो.

महाभुयाराच्या संहितेचे दोन घटक असतात : नकाशा आणि त्यावरील दालनांची क्रमांकवार टिपणे. हे क्रमांक वाचनाचा किंवा घटनांचा क्रम दर्शवीत नाहीत. दालनात कोणाचा वास आहे, त्याचे शेजाऱ्याशी वैर कशापायी, कोणती वाट कोठे निघते, एवढेच टिपण सांगते. जेनेल जॅक्वेज यांच्या 'केव्हर्न्स ऑफ थ्रॅसिया' (१९७९) या रचनेत भुयारात शिरण्याचे आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. वाटा फिरून एकमेकींना मिळतात. कोणत्या वाटेने जावयाचे हा निर्णय खेळाडूंचा. पण तो निर्णय अर्थपूर्ण ठरावा ही तजवीज लेखकाची. या प्रकारातील लेखनकौशल्य ते हेच.

मराठीच्या अभ्यासकाला स्थळानुसार बांधलेली संहिता अपरिचित नाही. महानुभाव वाङ्मयातील 'स्थानपोथी' चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेली स्थाने नोंदविते. मंदिरे, त्यांच्या दिशा, एका स्थानापासून दुसऱ्याचे अंतर यांतून तिची मांडणी होते. तिच्यात आणि महाभुयारात कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. श्रद्धेच्या ग्रंथाची आणि करमणुकीच्या साधनाची प्रतिष्ठाही सारखी नाही. तरी रचनेच्या पातळीवर तुलना उद्बोधक ठरते. 'स्थानपोथी'तील स्थान घडून गेलेल्या लीळेची आठवण जपते. महाभुयारातील दालन अद्याप न घडलेल्या प्रसंगाची शक्यता जपते. एकीकडे स्थळात भूतकाळ साठविलेला आहे, दुसरीकडे भविष्यकाळ. दोन्हीकडे घटना स्थळाच्या आश्रयाने राहते.

यावर असा आक्षेप येईल की, अशी टिपणे हा केवळ आराखडा आहे, साहित्यकृती नव्हे. ग्रेहॉकचे उदाहरण या आक्षेपाला बळ देते. गायगॅक्स यांची टिपणे त्रोटक होती. उरलेले ते बैठकीत उत्स्फूर्तपणे रचीत. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर मूळ भुयार संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले नव्हते. परंतु तमाशातील वगही दीर्घकाळ ठरीव सांगाड्यावर, नटांच्या हजरजबाबीपणातूनच उभा राहत आला. त्याला आपण वाङ्मयेतिहासात स्थान दिले. तेव्हा संहितेची अपूर्णता हे बहिष्काराचे कारण होऊ शकत नाही.

मात्र प्रत्येक अपूर्णता गुणाची नसते, आणि मूल्यमापनाचा खरा प्रश्न येथेच उद्भवतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एड ग्रीनवुड यांच्या 'रुइन्स ऑफ अंडरमाउंटन' या संचात तीन मजल्यांचे भव्य नकाशे आहेत. पण पुष्कळ दालने सूत्रधाराने भरावीत म्हणून कोरी ठेवलेली आहेत. त्यामागचा हेतू समजतो. तरीही कोरी जागा आणि मोकळी जागा यांत भेद केला पाहिजे. कोऱ्या दालनाचा शेजारच्या दालनाशी कोणताच संबंध नसतो, म्हणून तेथे निवडीला आधार मिळत नाही. मोकळ्या दालनात संबंध दिलेले असतात, निष्पत्ती तेवढी दिलेली नसते. याउलट काही लेखक खेळाडूंना ठरलेल्या शेवटाकडे हाकीत नेतात. तेथे नकाशा कितीही मोठा असो, ती एकाच वाटेची कथा उरते. पहिला लेखक आपली जबाबदारी टाळतो, दुसरा वाचकाचा अधिकार हिरावून घेतो.

सर्वच महाभुयारे वाङ्मयीन गुणवत्तेची आहेत असा दावा नाही. बहुतेकांची भाषा रूक्ष आणि आशय झुंज व खजिना यांपुरता मर्यादित असतो. पण सुमार कादंबऱ्या पुष्कळ आहेत म्हणून आपण कादंबरी या प्रकाराचा अभ्यास थांबविला नाही. पदव्युत्तर वर्गात कथनमीमांसा शिकविताना 'स्थानपोथी'तील एखादे प्रकरण आणि महाभुयाराचा एखादा मजला शेजारी ठेवून वाचावयास हरकत नाही. तसे केल्यास कथानक हा कथनाचा एक प्रकारविशेष आहे, त्याची पूर्वअट नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानी येईल. व्याख्या सांभाळण्यासाठी संहिताच वर्गाबाहेर ठेवणे मात्र समीक्षेच्या हिताचे नाही.