अ‍ॅलर्जीच्या टेस्टआधी गोळी बंद करताय? हे आधी वाचा

तुम्ही कित्येक महिने रोज सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन घेत असाल, तर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये दिलेला इशारा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दीर्घकाळ घेतलेली ही गोळी बंद केल्यावर काही रुग्णांना तीव्र खाज सुटली. २०१७ ते २०२३ या काळातली अशी २०९ प्रकरणे संस्थेला आढळली. ही औषधे किती लोक घेतात हे पाहिले, तर हा त्रास दुर्मिळच आहे. मात्र अ‍ॅलर्जीची स्किन प्रिक टेस्ट करायची असेल, तर नेमकी हीच गोळी थांबवावी लागते.

गोळी का थांबवायची?

या टेस्टमध्ये धुळीतले माइट्स, परागकण, बुरशी अशांच्या अर्काचे थेंब हातावर ठेवून हलकेच टोचतात. अ‍ॅलर्जी असेल तर त्वचेत हिस्टामिन सुटते आणि १५-२० मिनिटांत डास चावल्यासारखी गांध उठते. गोळी हिस्टामिनचेच काम अडवते. त्यामुळे अ‍ॅलर्जी असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. म्हणूनच तुलनेसाठी हिस्टामिनचाही एक थेंब टोचतात. तिथेही पुरेशी गांध उठली नाही, तर औषधाचा अंमल बाकी असू शकतो आणि त्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबता येत नाही.

कशी थांबवायची?

साधारणपणे ५ ते ७ दिवस आधी गोळी बंद करायला सांगतात. तुम्ही ती किती काळ घेत आहात, हे डॉक्टरांना आधीच सांगा. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत खूप खाज सुटली, तर ‘अ‍ॅलर्जी वाढली’ असे लगेच समजू नका, डॉक्टरांना कळवा. नोंदवलेल्या बहुतेक रुग्णांची खाज गोळी पुन्हा सुरू केल्यावर थांबली. गोळी बंद करणे शक्यच नसेल, तर रक्तातील स्पेसिफिक आयजीई तपासणीचा पर्याय आहे. तिच्यावर या गोळ्यांचा परिणाम होत नाही.

हेही तपासा

- मॉन्टेलुकास्टमुळे सहसा टेस्ट बिघडत नाही, पण आपल्याकडे त्याच गोळीत अनेकदा लिव्होसेटिरिझिनही असते. पाकिटावरची सगळी नावे वाचा.
- सर्दीच्या अनेक गोळ्यांत आणि सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन असते. तेही टेस्टमध्ये अडथळा आणते.
- झोपेसाठी किंवा मायग्रेनसाठी दिलेल्या अमिट्रिप्टिलिनचाही परिणाम होतो. मात्र ज्या डॉक्टरांनी ते दिले, त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.
- दम्याचा इनहेलर आणि नाकातला स्टेरॉइड स्प्रे चालू ठेवा. त्यांनी टेस्ट बिघडत नाही; इनहेलर बंद केल्यास मात्र दमा उसळू शकतो.

टेस्टला जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे सोबत न्या.